ओळखी बाद करताना

कंपनीच्या संशोधन ग्रंथालयाची जागा बैठकांच्या खोल्यांना द्यायचे ठरले, हे ग्रंथपालाला सर्वांत शेवटी कळले. नियतकालिकांच्या रॅकपाशी दोघे जण टेप घेऊन वाकले होते. तिने विचारले, "काही शोधताय का?" त्यातला एक म्हणाला, "नाही मॅडम, भिंत कुठे येणार ते बघतोय." दुपारी मनुष्यबळ विभागाने तिला बोलावून घेतले. तिमाही संपेपर्यंत पगार मिळेल, अनुभवाचा दाखला मिळेल, असे सांगितले. कॉफी तेवढी लगेच मिळाली.

तिने हातपाय हलवले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहत होते आणि त्यांना ग्रंथालयप्रमुख हवा होता. तिने अर्ज केला. मुलाखतीचे पत्र आले. जाहिरातीतली वयोमर्यादा ती पुढच्या वर्षी ओलांडणार होती, त्यामुळे अशी जागा पुन्हा समोर येण्याची शक्यता नव्हती. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हते. नवरा तिला आधीपेक्षा जास्त वेळा चहा विचारत होता, त्यावरून तिला कळत होते.

धाकट्या दिराचा धंदाच माणसे नोकरीला लावण्याचा. एका सुट्टीच्या दुपारी तो जेवायला आला, आणि जेवणे आटोपल्यावर त्याने टेबलावर लॅपटॉप उघडून व्यावसायिक ओळखींच्या साइटवरचे तिचे पान समोर ठेवले.

"वहिनी, हे बघवत नाही. दीड हजार ओळखी, आणि परवाच्या पोस्टला लाइक किती? चार. त्यातला एक माझा, एक दादाचा."

"माझाही यानेच दिला," नवरा म्हणाला. "माझा फोन घेऊन."

"मग काय करू? तू तर अजून चार द्यायला तयार होशील."

"तुमच्या ओळखी झोपल्यात. साइट तुमची पोस्ट आधी थोड्या जणांना दाखवते. ते हलले तर पुढे पाठवते. ते ढिम्म राहिले तर तिथेच गाडते. आता मुलाखत घेणारे पहिलं काय करतात? तुमचं नाव टाकून बघतात. त्यांना काय दिसतं? शुकशुकाट."

"ग्रंथालयात शुकशुकाट असलेला बरा," नवरा म्हणाला.

"दादा, तू गप्प बस. वहिनी, झोपलेले काढून टाका."

"माणसं काढून टाकायची?"

"ओळखी हो. माणसं आपापल्या घरी सुखरूप असतात."

तिला ते आवडले नाही. पण दीर गेल्यावर तिने यादी वरपासून खाली सरकवली आणि तिच्यातला ग्रंथपाल जागा झाला. कपाटे भरली की पुस्तके बाद करावी लागतात, हे तिने वीस वर्षे केले होते. न करणाऱ्यांची ग्रंथालये गोदामे होतात, असे तिचे ठाम मत होते. बाद करायला मन लागत नाही, निकष लागतात. गेल्या तीन वर्षांत पुस्तकाची देवघेव झाली आहे का? बांधणी धड आहे का? त्याच विषयाची, त्याच मजकुराची दुसरी प्रत कपाटात आहे का?

तिने तेच निकष लावले. तीन वर्षांत ज्यांच्याशी एका शब्दाची देवघेव नाही, ते बाद. फोटोच्या जागी नुसते करडे वर्तुळ असेल, तर बांधणी गेली असे धरायचे. एकाच संस्थेतले दोघे असतील, तर जास्त हालचाल करणारा ठेवायचा, दुसरा काढायचा. एकदा निकष पक्के झाल्यावर हात झरझर चालू लागला. पडद्यावर दरवेळी प्रश्न यायचा, "खात्री आहे का?" ती न वाचता होकार द्यायची. संध्याकाळचे दिवे लागायच्या आत दीड हजारांचे सहाशे झाले. कपाट आवरल्यावर वाटते तसे तिला हलके वाटले.

पुढच्या पोस्टला खरोखरच जास्त लाइक आले. मग मात्र फोन हातातून सुटेना. भाजी परतताना, लिफ्टची वाट बघताना, दात घासताना ती पान उघडून बघू लागली. आकडा वाढला की पाच मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा अंगात मुंग्या. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ग्रंथपालांचा वार्षिक मेळावा होता. एरवी ती तिथे मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकायची आणि जेवून परत यायची. या वर्षी दिराने तिच्याकडून स्वतःची ओळख पाठ करून घेतली होती. नाव, काम, एक मोठा उपक्रम, पुढे काय करायचे आहे. दम न घेता, हसत, अर्ध्या मिनिटात.

"हसताना दात दिसू देत," तो म्हणाला होता. "तुम्ही हसलात की दंड वसूल करणार आहात असं वाटतं."

मेळाव्यात दुपारी जेवणानंतर "समोरासमोर" नावाचा कार्यक्रम होता. सभागृहातल्या खुर्च्या दोन लांब रांगांत एकमेकींसमोर मांडलेल्या. खिडकीकडची रांग बसून राहणार, दाराकडची दर घंटेला एक खुर्ची पुढे सरकणार. गळ्यात प्रत्येकाच्या ओळखपत्र, त्यावर काळ्या चौकड्यांचा कोड. समोरच्याने तो फोनने टिपला की तुमचे पान त्याच्या हातात. ती दाराकडच्या रांगेत होती.

पहिल्या खुर्चीत समोर एक जाडजूड, घामेजलेला माणूस होता. त्याने कोड टिपला आणि तो खूश झाला.

"अहो, तुम्ही होय. मी दशांश."

ग्रंथपालांच्या ऑनलाइन गटात दशांश म्हणून ओळखला जाणारा हा एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल. कुठले पुस्तक कुठल्या वर्गांकाखाली घालावे असा प्रश्न कुणीही टाकला की याचे उत्तर पहिले. दोन वर्षे ते गटात एकमेकांशी वाद घालत होते.

"मला वाटलं होतं, तुम्ही बारीक असाल," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच वाटतं. वर्गांक बारीक लावतो ना." तो तिचे पान खाली सरकवत होता. "छान केलंय पान. पण शिफारस एकही नाही?"

"आहे की. एक आहे, जुनी."

"इथे तर नाही दिसत."

तिने स्वतःच्या फोनवर पाहिले. शिफारशीची जागा रिकामी होती. तिथे आधी चार ओळी होत्या, मोठ्या बाईंनी लिहिलेल्या. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिची पहिली नोकरी लागली, तेव्हा मोठ्या बाई तिथल्या प्रमुख होत्या. तिला काम त्यांनी शिकवले. निवृत्त झाल्यावर नातवाने त्यांचे खाते उघडून दिले, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी या चार ओळी लिहिल्या आणि मग साइटवर फारसे काही केले नाही.

ओळख तोडली की त्या माणसाची शिफारसही साइट काढून घेते. हे तिला माहीत होते. ओळख कधी तोडली, हे आता आठवले. करडे वर्तुळ. पाच वर्षे शुकशुकाट. त्याच ग्रंथालयातला दुसरा माणूस यादीत हजर. "खात्री आहे का?" होकार.

"काय झालं?" दशांशने विचारले. "पाणी देऊ का?"

"बाद केलं मी."

"काय बाद केलं?"

घंटा झाली. उठताना तिची नजर खिडकीकडच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा होता आणि खुर्चीच्या पाठीला न टेकलेली पाठ होती. मोठ्या बाई. त्यांची रांग हलणार नव्हती. हिची हलणार होती, एकेक खुर्चीने, त्यांच्याच दिशेने.

दुसऱ्या खुर्चीसमोर ऑनलाइन नियतकालिकांचा विक्रेता होता. त्याने तिच्या कंपनीत वर्गणी कोण ठरवतो ते विचारले. "मीच ठरवायचे," ती म्हणाली, आणि भूतकाळ ऐकून त्याने हातातले पत्रक परत बॅगेत घातले. तिसऱ्या खुर्चीसमोर शाळेतली ग्रंथपाल होती. मुले पुस्तकांत डिंक लावतात, त्यावर काय करावे, असे तिने मनापासून विचारले. "निकष ठरवा," हिने उत्तर दिले. ती शाळेची बाई बुचकळ्यात पडली. दिराने घोटून घेतलेली ओळख हिने एकदा अर्धी म्हटली, एकदा उलट्या क्रमाने, आणि एकदा हसायचे तेवढे केले.

अंबाडा जवळ येत होता. बाईंना कळले असेल का? न कळण्याची शक्यता जास्त, त्या साइटवर असतात कुठे. मग आत्ताच पुन्हा विनंती पाठवून दिली तर? त्यांना वाटेल, कोड टिपला म्हणून आली. फोन मांडीवर आडवा धरून तिने बाईंचे नाव शोधले, करडे वर्तुळ सापडले. समोर एक संग्रहालयवाला जुन्या नकाशांबद्दल बोलत होता. ती "हो, हो" म्हणत होती. अंगठा एकदा मागे घेतला, पुन्हा नेला, आणि दाबला.

रांगेच्या टोकाला बाईंनी पर्समधून फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा खाली घेऊन रांगेवरून नजर फिरवली आणि ती बरोबर हिच्यावर येऊन थांबली. हिने हसायचा प्रयत्न केला, दिराने सांगितल्याप्रमाणे. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

आणखी दोन घंटा झाल्या. त्या दोन खुर्च्यांवर कोण होते, ते तिला नंतर सांगता आले नाही.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती बसता बसता थबकली. या बाईंनी तिला पहिल्या दिवसापासून एकेरीत हाक मारली होती. रागावतानाही, निरोपाच्या समारंभातही.

"बाई, मला काय 'बसा' म्हणता?"

"आपली ओळख नाही ना. साइटवर तरी नाही. मघाशी विनंती आली तुमची, ती बघितली."

"चुकून झालं, बाई."

"चुकून ओळख तुटली, चुकून शिफारसही गेली, आणि ते सगळं मुलाखतीच्या तोंडावर. शिताफी आहे. मी काही म्हणत नाही. फक्त नाव कुणी सांगितलं, तेवढं सांगा."

"कसलं नाव?"

"समितीतलं." बाईंनी आवाज खाली आणला. "त्या कॉलेजनं बाहेरची तज्ज्ञ म्हणून मला बोलावलंय. तिथल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही."

तिला हे खरोखर माहीत नव्हते. पण तिच्या चेहऱ्यावर ते आले की नाही, हे तिला कळेना.

बाई तोडून तोडून सांगत होत्या. तज्ज्ञाकडून कॉलेज लिहून घेते. उमेदवारांपैकी कुणी नात्यात आहे का, गेल्या दहा वर्षांत बरोबर काम केले आहे का, व्यावसायिक साइटवर ओळख आहे का. नाते नव्हते. दहा वर्षे केव्हाच उलटली होती. राहिली साइट. ओळख असणारच, तेव्हा समितीतून बाजूला व्हायचे, असे ठरवून बाईंनी नातवाकडून खाते उघडून घेतले. तर ओळख नाही. चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही नाहीत.

"म्हणजे कुणीतरी आतून नाव फोडलं आणि उमेदवाराने मागचं सगळं पुसून ठेवलं. मी समितीत राहावं म्हणून. मग मी आपली माणूस म्हणून माप झुकवणार. बरोबर?"

"नाही, बाई."

"उद्या मी कॉलेजला कळवणार आहे, नाव फुटलंय म्हणून."

कॉलेजने चौकशी केली, तर पहिले नाव कुणाचे गळेल, हे विचारायची गरज नव्हती. साइटमध्ये काहीतरी बिघाड झाला असेल, असे म्हणता आले असते. अशा बिघाडांवर बाईंच्या वयाची माणसे चटकन विश्वास ठेवतात. वाक्य तिच्या ओठांवर आले होते.

"मी तुम्हाला बाद केलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या ओळखी फार झाल्या होत्या. दीर म्हणाला, झोपलेल्या काढा. आपण पुस्तकं बाद करतो, तशा मी केल्या. एका बैठकीत. तुमचं नाव आलं आणि गेलं. समितीचं मला आत्ता कळतंय."

शेजारच्या जोडीत कुणीतरी मोठ्याने हसले.

"निकष काय लावलेस?"

एकेरी परत आली होती. पण तिला त्यात बरे वाटण्यासारखे काही दिसले नाही.

"तीन वर्षांत देवघेव नाही."

"बरोबर. आणि?"

"फोटो नाही."

"बांधणी गेलेली. आणि?"

तिने गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली.

"तिसरा निकष मीच शिकवलाय. बोल."

"दुसरी प्रत उपलब्ध."

"माझी," बाई म्हणाल्या. "माझी दुसरी प्रत कोण?"

"तुमच्या जागेवर आलेले साहेब."

"तो." बाईंनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "वर्तमानपत्रांची खोली बंद करून तिथे स्वतःची केबिन बांधली, तो."

"ते रोज लिहितात साइटवर."

"काय लिहितो?"

"सुविचार."

बाईंचे ओठ किंचित हलले. ते हसू होते की दुसरे काही, हे ठरण्याआधीच मिटले.

"बाद करायच्या आधी काय करायचं असतं?"

"पुस्तक उघडून बघायचं."

"बघितलंस?"

"नाही."

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर गाड्या लावायचे आवार होते, बाकी काही नव्हते. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज साधा होता.

"मला तुझा संताप आला होता. आठवडाभर आतल्या आत जळत होते. म्हटलं, मी घडवलेली मुलगी आणि असले डाव खेळते. पण खरं सांगू? त्यात एक बरंही वाटत होतं."

"बरं?"

"निदान माझा विचार करून तोडलंस, असं वाटलं होतं."

चुकले म्हणावे, तर कशाला चुकले म्हणायचे, तेच एकाहून जास्त होते. तिने बाईंच्या हाताकडे हात नेला. बाईंनी तो दूर केला नाही आणि धरलाही नाही.

"नाव फुटलं असं मी कळवणार नाही," बाई म्हणाल्या. "पण समितीत बसणारही नाही. साइटवर असो की नसो, मी तुला ओळखते. ते लिहून देते. दुसरा कुणीतरी शोधतील."

"हो."

"तो तुला ओळखत नसेल. माझं मत तुझ्या बाजूनं पडलं असतं. हेही कळू दे तुला."

"कळलं, बाई."

"आणि ती विनंती मी नाकारतेय. निकाल लागेपर्यंत फोन करायचा नाही, भेटायचं नाही. आणखी बोट दाखवायला जागा नको."

"आणि निकालानंतर?"

घंटा झाली. रांग सरकू लागली होती आणि मागून येणारी बाई आपली पर्स छातीशी धरून हिच्या उठण्याची वाट पाहत होती.

"ऊठ," मोठ्या बाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

बाईंच्या पुढे रांग संपत होती. दाराकडच्या रांगेतून शेवटी पोहोचलेल्यांनी वळून पुन्हा पहिल्या खुर्चीवर जायचे होते. ती गेली नाही. दशांशने लांबून हात केला, तिने ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घातले आणि जिना उतरली.

कॉलेजचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. तांत्रिक कारणामुळे मुलाखती पुढे ढकलल्या आहेत, नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल. कंपनीत तोवर भिंत अर्धी उभी राहिली होती. ती सिमेंटच्या धुळीत पुस्तकांची खोकी बांधत होती आणि प्रत्येक खोक्यात जाण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडत होती. त्यामुळे काम मागे पडले होते आणि मनुष्यबळ विभागाने दोनदा आठवण केली होती.

सुट्टीच्या दुपारी दीर जेवायला आला. तिने त्याला सगळे सांगितले.

"म्हणजे तुमच्या बाजूचं एकुलतं एक मत तुम्ही स्वतः उठून घालवलंत," तो म्हणाला.

"हो."

"दादा, ऐकलंस का? वहिनींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला."

"ऐकतोय," नवरा म्हणाला. "तू वाढून घे."

"बरं, जाऊ दे. आता त्यांना गोड मेसेज टाका. संबंध ऊबदार ठेवायचे. मी लिहून देतो."

"नाही टाकता येणार. निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही म्हणाल्यात."

"आणि निकालाची तारीख?"

"यथावकाश."

तिचा फोन ताटाशेजारी होता. तो थरथरला की ती घास हातात धरून बघायची. लाइक असायचे, अभिनंदन असायचे, कुणाच्या तरी कामाचा वाढदिवस असायचा. ती पान बंद करून कॉलेजची मेल उघडायची. तिथे अजून तोच निरोप असायचा.

"समजा, जागा नाही मिळाली," दीर म्हणाला. त्याने हे पहिल्यांदाच म्हटले होते. नवऱ्याने त्याच्याकडे रागाने पाहिले.

"तरी चालेल," ती म्हणाली. "निकाल लागू दे नुसता."

"चालेल कसं? काय बोलताय, वहिनी?"

"लागला की फोन करता येईल."

"कुणाला?"

फोन पुन्हा थरथरला आणि तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.